आधी खेळून पाहा: व्हिडिओ गेमच्या डेमोचं अजब अर्थकारण

मार्च २०२३मध्ये अमेरिकेतल्या केएफसीने ‘डबल डाउन’ नावाचं सँडविच काही आठवड्यांसाठी पुन्हा विकायला काढलं. या सँडविचला पाव नसतो. पावाच्या जागी तळलेल्या चिकनचे दोन तुकडे असतात. त्या वेळी ते ऑनलाइन मागवणाऱ्याला एक कोड मिळायचा आणि तो कोड टाकला की ‘डायब्लो ४’ या गेमचा सुरुवातीचा भाग १७ ते १९ मार्च असे तीन दिवस खेळता यायचा. ज्यांनी गेमचे पैसे आगाऊ भरले होते त्यांनाही हे तीन दिवस खुले होते. उरलेल्या जगाला तोच भाग पुढच्याच आठवड्यात, २४ ते २६ मार्चला, फुकट खेळायला मिळाला. पूर्ण गेम जूनमध्ये यायचा होता.

म्हणजे जी गोष्ट सात दिवसांनी सगळ्यांना फुकट मिळणार होती, ती सात दिवस आधी मिळावी म्हणून माणसं पैसे मोजत होती. मुळात डेमो ही कंपनीने स्वतःच्या मालाची केलेली जाहिरात. जाहिरात दाखवायला कंपनीने पैसे खर्च करायचे असतात. इथे जाहिरात पाहायला मिळावी म्हणून गिऱ्हाईक खर्च करत होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे इतक्या उघडपणे घडत असेल असं वाटत नाही. हे इथवर कसं आलं, याची कहाणी चाळीसएक वर्षांची आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

सिनेमाचा ट्रेलर आणि गेमचा डेमो यांत एक मूलभूत फरक आहे. ट्रेलरमध्ये सगळ्यात चांगली दोन मिनिटं निवडून जोडता येतात. पाहणाऱ्याला सिनेमा कसा आहे हे त्यातून कळेलच असं नाही. डेमोमध्ये खेळाडूच्या हातात कंट्रोलर असतो. उडी नीट लागते की नाही, बंदूक चालवताना हाताला ती जाणवते की नाही, कॅमेरा भिंतीत अडकतो का, हे सगळं पाच मिनिटांत उघडं पडतं. कलिंगडवाला त्रिकोणी तुकडा कापून आतला रंग दाखवतो तेव्हा तो खरं तर स्वतःलाच बांधून घेतो. डेमो देणारी कंपनी तेच करते. डेमोची सगळी ताकद यातच आहे आणि सगळा धोकाही यातच.

गेमची चव दाखवण्याची पहिली युक्ती आर्केडच्या यंत्रांमध्ये होती. कोणी नाणं टाकलेलं नसेल तेव्हा यंत्र आपलं आपणच खेळत राहायचं, पडद्यावर यान उडायचं, शत्रू मरायचे आणि येणारा-जाणारा थबकायचा. पण त्यात फक्त पाहता येत होतं. खेळायला देणं, आणि तेही घरी नेऊन, ही कल्पना गेमच्या जगातून आलेली नाही. ती आली ऑफिसात वापरायच्या सॉफ्टवेअरमधून.

१९८२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन माणसांना जवळपास एकाच वेळी एकच कल्पना सुचली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या अँड्र्यू फ्लूगेलमनने ‘पीसी-टॉक’ हा टेलिफोनवरून संगणक जोडणारा प्रोग्रॅम लिहिला. सिअ‍ॅटलजवळ आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या जिम नॉफने ‘पीसी-फाइल’ हा माहिती साठवणारा प्रोग्रॅम लिहिला. दोघांनीही तो मोफत वाटला: खुशाल कॉपी करा, मित्रांना द्या, उपयोगी वाटला तर आम्हाला पैसे पाठवा. पुढच्या वर्षी बॉब वॉलेसने ‘पीसी-राइट’ याच पद्धतीने काढला आणि या पद्धतीला ‘शेअरवेअर’ हे नाव रूढ झालं. कॉपी करणं म्हणजे चोरी असं त्या वेळी बाकी सगळा उद्योग ओरडून सांगत होता. या तिघांनी कॉपी करणाऱ्यालाच आपला विक्रेता करून टाकलं.

गेमच्या बाबतीत मात्र ही पद्धत चालेना. टेक्सासमधल्या गार्लंड गावच्या स्कॉट मिलरने आधी आपले पूर्ण गेम असेच वाटून पाहिले आणि त्याच्या हाती फार थोडे पैसे आले. कारण उघड होतं. कामाचा प्रोग्रॅम माणूस रोज वापरतो आणि त्याला लेखकाची आठवण राहते. गेम संपवला की तो विसरतो. पैसे पाठवायला कारणच उरत नाही. मग १९८७मध्ये ‘क्रोझ’ या गेमच्या वेळी मिलरने साधा बदल केला. गेमचे अनेक भाग पाडले, पहिला भाग फुकट सोडला आणि पुढचे भाग हवे असतील तर पैसे पाठवा, असं सांगितलं. पहिला भाग अर्धवट कापलेला नव्हता. त्याला स्वतःची सुरुवात होती, शेवट होता. खेळणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि त्या समाधानातूनच पुढची भूक लागायची. मिलरच्या कंपनीचं नाव अपोजी होतं, म्हणून या पद्धतीला अपोजी मॉडेल म्हणू लागले. डेमोच्या इतिहासात याहून मोठा शोध लागलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिलरला आता चांगले गेम लिहिणारे हवे होते. लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत जॉन रोमेरो नावाचा तरुण नोकरीला होता. कंपनी नोकरांची पत्रं उघडून पाहत असणार आणि सरळ नोकरीचं आमिष दाखवलं तर ते पत्र पोचणार नाही, हे मिलरने ओळखलं. म्हणून त्याने वेगवेगळ्या नावांनी चाहत्यांची पत्रं लिहायला सुरुवात केली. रोमेरो खूश झाला आणि पत्रं भिंतीवर लावू लागला. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की या सगळ्या चाहत्यांचा पत्ता एकच आहे. आधी संताप, मग फोन आणि त्यातून मैत्री. मिलरने २,००० डॉलर आगाऊ पाठवले. रोमेरो, जॉन कार्मॅक, टॉम हॉल आणि एड्रियन कार्मॅक यांनी नोकरी सांभाळून ‘कमांडर कीन’ तयार केला. १४ डिसेंबर १९९० रोजी त्याचा पहिला भाग फुकट सोडला गेला. थोड्याच दिवसांत या मुलांच्या हातात साडेदहा हजार डॉलरच्या आसपासचा पहिला धनादेश पडला आणि त्यांनी नोकऱ्या सोडल्या. त्यांची कंपनी म्हणजे आयडी सॉफ्टवेअर. मे १९९२मध्ये त्यांनी ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ काढला, तोही याच पद्धतीने.

आणि मग १० डिसेंबर १९९३ उजाडला. आयडीने ‘डूम’चा पहिला भाग त्या दिवशी इंटरनेटवर सोडायचं जाहीर केलं होतं. त्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका सर्व्हरवर जागा मिळवली होती. इंटरनेट तेव्हा प्रामुख्याने विद्यापीठांचं होतं. वेब नुकतं जन्माला आलं होतं. ठरलेल्या वेळी फाइल चढवायला गेले तर सर्व्हरवर वाट पाहणाऱ्यांची एवढी गर्दी की खुद्द आयडीच्या माणसालाच आत शिरता येईना. गेम अजून तिथे नव्हता, तरी तो घ्यायला आलेल्यांनी सगळ्या जागा अडवल्या होत्या. शेवटी मर्यादा वाढवून, लोकांना बाहेर काढून फाइल चढवावी लागली. त्यानंतर ती उतरवून घेणाऱ्यांच्या लोंढ्याने विद्यापीठाचं जाळं कोलमडलं.

त्या फुकट भागात नऊ लेव्हल होत्या. आजच्या कित्येक पूर्ण गेमपेक्षा तो भाग भरगच्च होता. उरलेले दोन भाग ४० डॉलरला टपालाने मागवायचे. आयडीने दुकानदारांनाही सांगून टाकलं की फुकट भागाच्या फ्लॉपी तुम्ही विका, पैसे तुमचेच, आम्हाला काही नको. त्यामुळे दुकानदार आपल्या खर्चाने वेष्टन छापून, आपल्या खिडकीत मांडून आयडीची जाहिरात करू लागले. पुढच्या दोनेक वर्षांत किमान एक कोटी लोकांनी ‘डूम’ खेळला असावा असे अंदाज आहेत. त्यातल्या थोड्यांनीच पैसे भरले, पण एवढ्या मोठ्या संख्येचा थोडा हिस्साही कंपनीला श्रीमंत करायला पुरला. १९९५मध्ये विंडोज ९५ हे गेम खेळायला योग्य आहे हे पटवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक चित्रफीत केली. त्यात बिल गेट्स स्वतः ‘डूम’च्या आत बंदूक घेऊन उभे आहेत. जाहिरातीवर फारसा खर्च न केलेल्या गेमला जगातली सगळ्यात मोठी सॉफ्टवेअर कंपनी आपल्या जाहिरातीत घेत होती.

इंटरनेट घराघरांत पोचेपर्यंत डेमोचं वाहन होतं मासिक. ब्रिटनमध्ये आधी कॅसेट, मग फ्लॉपी आणि मग सीडी मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून येत. सोनीच्या प्लेस्टेशनचं अधिकृत मासिक तर लोक डिस्कसाठीच घेत. युरोपात यंत्रासोबत मिळणाऱ्या ‘डेमो वन’ या डिस्कमध्ये एक डायनासोर होता. त्याची मान फिरवायची, जबडा उघडायचा, बस. त्यात गेम असा काही नव्हताच, पण हे यंत्र काय करू शकतं ते एका मिनिटात कळायचं. अमेरिकेत १९९९मध्ये पिझ्झा हटच्या पिझ्झासोबत प्लेस्टेशनच्या डेमो डिस्क मिळत होत्या, म्हणजे केएफसीच्या सँडविचला पूर्वज आहे. आपल्याकडे मुंबईहून निघणाऱ्या ‘डिजिट’ मासिकासोबत सीडी यायची आणि तिच्यात गेमचे डेमो असायचे. टेलिफोनच्या तारेवरून ५६ केबीपीएसने शंभर एमबी उतरवायला चार तास लागत आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद पडे. अशा काळात महाराष्ट्रातल्या एका पिढीने पूर्ण गेम विकत घेण्याच्या कितीतरी आधी डेमोच पुन्हा पुन्हा खेळले. ज्या गेमची एकच लेव्हल पाठ आहे आणि पुढे काय होतं ते कधीच कळलं नाही, असे गेम त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, सांगतील.

याच सुमारास जपानी कंपन्यांना डेमोचा आणखी एक उपयोग कळला. डेमोच्या जोरावर दुसराच माल खपवता येतो. १९९६मध्ये स्क्वेअर कंपनीने ‘टोबाल नंबर वन’ या मारामारीच्या गेमसोबत ‘फायनल फँटसी ७’चा डेमो दिला. २००१मध्ये कोनामीने ‘झोन ऑफ द एंडर्स’च्या खोक्यात ‘मेटल गिअर सॉलिड २’चा डेमो घातला आणि खोकं घेणाऱ्या अनेकांचं लक्ष त्या दुसऱ्या डिस्ककडेच होतं. मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये ‘क्रॅकडाउन’ विकत घेणाऱ्यांना ‘हेलो ३’च्या मे महिन्यातल्या बीटा चाचणीचा दरवाजा उघडून दिला. यात ‘क्रॅकडाउन’चं भलं झालं, कारण तो स्वतःही चांगला गेम होता आणि एरवी तो फार लोकांच्या नजरेला पडला नसता. पण धंद्याच्या दृष्टीने इथे एक रेषा ओलांडली गेली. डेमो ही दाखवायची वस्तू होती, ती आता विकायची वस्तू झाली.

डेमो स्वतःच एक कलाकृती होऊ शकतो, याचं आजवरचं सर्वोत्तम उदाहरण १२ ऑगस्ट २०१४ला समोर आलं. जर्मनीतल्या गेम्सकॉम मेळ्यात सोनीच्या कार्यक्रमात ‘पी.टी.’ नावाच्या एका भयपटासारख्या गेमची झलक दाखवली गेली आणि तो लगेच प्लेस्टेशन ४वर फुकट उपलब्ध झाला. बनवणारी कंपनी ‘७७८०एस स्टुडिओ’, हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. गेममध्ये काटकोनात वळणारा एका घराचा बोळ आहे. आपण चालत जातो, टोकाचं दार उघडतो आणि पुन्हा त्याच बोळाच्या सुरुवातीला येतो. प्रत्येक फेरीत काहीतरी किंचित बदललेलं असतं. रेडिओवर घरातल्या खुनाची बातमी. बाथरूमच्या दारामागचा आवाज. डोक्यावरचा दिवा हलतो आहे, वारा नाही. आपल्या हाती शस्त्र नाही, पळायला जागा नाही, आणि मागे वळून पाहायची हिंमत होत नाही. घाबरवण्यासाठी किती कमी सामग्री लागते, हे यापेक्षा चांगलं कोणी शिकवलेलं नाही.

शेवटचं कोडं मुद्दाम अतिशय अवघड आणि धूसर ठेवलं होतं. जगभरच्या खेळाडूंनी एकमेकांच्या टिपणांवरून, एकमेकांचे थेट खेळ पाहून ते सोडवावं असा बेत होता आणि त्याला निदान आठवडा लागेल असा कर्त्यांचा होरा होता. काही तासांतच ते सुटलं. दार उघडलं आणि पडद्यावर नावं आली: गेमकर्ता हिदेओ कोजिमा, सिनेदिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो, अभिनेता नॉर्मन रीडस आणि गेमचं खरं नाव ‘सायलेंट हिल्स’. ती अनोळखी कंपनी अस्तित्वातच नव्हती. संशय येऊ नये म्हणून कोजिमाने गेम मुद्दाम थोडा कच्चा, एखाद्या छोट्या कंपनीने केल्यासारखा दिसेल असा ठेवला होता. गेमची घोषणाच गेमच्या आत, ज्यांनी भीतीवर मात केली त्यांच्यासाठी लपवून ठेवलेली. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांनी तो उतरवून घेतला होता.

पुढचं दुःखद आहे. कोजिमा आणि गेमची मालक कंपनी कोनामी यांचं बिनसलं, एप्रिल २०१५च्या अखेरीस ‘सायलेंट हिल्स’ रद्द झाला आणि २९ एप्रिलला ‘पी.टी.’ प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला गेला. नंतर तर ज्यांनी आधी घेतला होता त्यांनाही तो पुन्हा उतरवता येईना. ज्यांच्या यंत्रात तो शिल्लक होता ती वापरलेली यंत्रं लिलावाच्या संकेतस्थळांवर चढ्या भावाने विकायला आली. न बनलेल्या गेमचा डेमो म्हणजे जन्माला न आलेल्या माणसाचं छायाचित्र. तरीही त्याचा ठसा राहिला. कॅपकॉमने जून २०१६मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ७’चा डेमो आणला तो असाच एका पडक्या घरातला, पहिल्या व्यक्तीच्या नजरेने दिसणारा, मुख्य कथेबाहेरचा, आणि लहान कंपन्यांच्या भयगेमांत तर त्या बोळाच्या कितीतरी प्रतिकृती सापडतात. एक डेमो सांस्कृतिक वारसा म्हणून जपला जायला हवा होता आणि तो जपायची कोणावरच जबाबदारी नव्हती, ही मला फार मोठी हानी वाटते.

इतकं असूनही २०१०नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी डेमो देणं जवळजवळ थांबवलं. २०१३च्या डाइस परिषदेत कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवणाऱ्या जेसी शेल यांनी एक्सबॉक्स ३६०वरच्या गेमांच्या विक्रीचा आलेख दाखवला. ज्या गेमांचा ट्रेलर होता पण डेमो नव्हता, ते सगळ्यात जास्त विकले गेले होते. ट्रेलर आणि डेमो दोन्ही असलेल्यांची विक्री त्याच्या निम्म्याच्या घरात. शेल यांचं स्पष्टीकरण असं की ट्रेलर पाहून गेम खेळावासा वाटतो आणि डेमो खेळून ती इच्छा फिटते. उद्योगाने हा आलेख लगेच उचलून धरला. तो तपासायला मात्र हवा. अफाट जाहिरात करू शकणाऱ्या कंपन्यांना डेमोची गरजच नसते आणि ज्यांना आपल्या गेमकडे लक्ष वेधायला दुसरा मार्ग नाही ते डेमो देतात. मग डेमो असलेले गेम कमी विकले जातात यात डेमोचा दोष किती? आणि ज्या डेमोने गेम वाईट आहे हे सांगून खरेदी थांबवली, त्याने कंपनीचं नुकसान केलं असेल, पण खेळाडूचे साठ डॉलर वाचवले. डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ बाजारात आला तेव्हा जुन्या यंत्रांवर तो इतका मोडकळीला आलेला होता की सोनीने आठ दिवसांत तो आपल्या दुकानातून काढला. आधीच्या वर्षांत त्याची भारावून टाकणारी दृश्यं दाखवली गेली होती. त्या यंत्रांवर अर्धा तास खेळून पाहायला कोणालाच मिळालं नव्हतं.

डेमो मागे पडत असताना दुसरीकडे एक स्वीडिश तरुण उलट दिशेने निघाला होता. मार्कस पर्सनने १७ मे २००९ रोजी ‘माइनक्राफ्ट’ची एक कच्ची आवृत्ती लोकांसमोर ठेवली आणि जूनमध्ये ती दहा युरोच्या आत विकायला काढली. गेम अपुरा आहे, तो पुढे वाढत जाईल आणि जसा वाढेल तशी किंमतही वाढेल, असा उघड सौदा. आता घ्याल तर स्वस्त मिळेल आणि पुढचं सगळं त्यातच आलं. नोव्हेंबर २०११मध्ये गेम ‘पूर्ण’ झाल्याचं जाहीर झालं तोवर त्याच्या चाळीस लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. इथे डेमो आणि गेम यांच्यातली भिंतच पडली होती. लोक डेमोचे पैसे देत होते आणि तो डेमो त्यांच्या डोळ्यांदेखत गेम होत होता.

२० मार्च २०१३ला व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम दुकानात ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ हा विभाग उघडला आणि या सौद्याला चौकट मिळाली. सुरुवातीला त्यात फक्त बारा गेम होते. त्यांतला एक मेक्सिको सिटीतल्या कंपनीचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. यात रॉकेट बांधून कक्षेत पाठवायचं असतं आणि त्यामागची कक्षेची गणितं खरी असतात. गेम अजून अपुरा असतानाच, २०१४मध्ये, नासाने या कंपनीसोबत लघुग्रह पकडण्याच्या मोहिमेचा एक भाग त्यात घातला. उलट बाजूचं उदाहरण ‘डेझी’चं: डिसेंबर २०१३मध्ये आला, महिन्याभरात दहा लाख विकला गेला आणि पूर्ण व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला. काही गेम तर कधीच पूर्ण झाले नाहीत. गेम पूर्ण होईलच याची खात्री नाही आणि आज आहे त्या स्थितीत खेळावासा वाटत नसेल तर घेऊ नका, असं स्टीम स्वतःच तिथे लिहितं. हा इशारा लोक वाचत नाहीत.

या पद्धतीचा सर्वांत सुंदर उपयोग बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन कंपनीने केला. ‘बाल्डर्स गेट ३’चा फक्त पहिला अंक त्यांनी ६ ऑक्टोबर २०२०ला पूर्ण किमतीला खुला केला आणि पुढची जवळपास तीन वर्षं लोक कसे खेळतात ते पाहत राहिले. या गेममध्ये अनेक निर्णयांना फासा टाकावा लागतो. फासा वारंवार वाईट पडतो, अशी खेळाडूंची तक्रार आली. गणिताच्या दृष्टीने फाशात काही चूक नव्हती. माणसाला खरी यदृच्छा अन्यायासारखी भासते एवढंच. लॅरियनने वाद घातला नाही, सलग वाईट दानं पडू नयेत असा एक पर्याय दिला. विल नावाचं एक पात्र लोकांना भिडत नव्हतं, तर त्याची कथा नव्याने लिहिली. गेम ऑगस्ट २०२३मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला. ‘हेडीस’ बनवणाऱ्या सुपरजायंटनेही २०१८ ते २०२० असाच मार्ग धरला. कथेचा खरा शेवट मात्र त्यांनी अखेरच्या दिवसापर्यंत राखून ठेवला. दोन्ही ठिकाणी अपोजीचंच सूत्र आहे: जे द्यायचं ते स्वतःत पुरं, आणि जे राखायचं ते ओढ लावणारं.

जुना फुकट डेमोही परतला आहे आणि तो परत आणला छोट्या कंपन्यांनी. डिसेंबर २०१९मध्ये स्टीमने मूठभर डेमो दोन दिवसांसाठी मांडून पाहिले. २०२१पासून तो मेळा ‘नेक्स्ट फेस्ट’ म्हणून वर्षातून तीनदा भरतो. एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे कधी उतरायचं हा निर्णय छोट्या कंपनीच्या आयुष्यातला मोठा निर्णय ठरतो. डेमो आवडला की खेळाडू तो गेम विशलिस्टमध्ये टाकतो आणि गेम आला की स्टीम त्याला कळवतं. जाहिरातीला पैसा नसलेल्या चार-पाच जणांच्या गटासाठी याहून न्याय्य बाजार मी पाहिलेला नाही.

अशा गटांत आपलेही आहेत. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’साठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले तेव्हा सोबत खेळून पाहता येईल असा डेमो ठेवला होता. पैसे जमले नाहीत. काम चालू राहावं म्हणून संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकला. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची रंगसंगती आणि दुर्गेचं त्रिशूळ घेतलेली राजी ऑगस्ट २०२०मध्ये जगासमोर आली आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी नामांकित झाली. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा मोबाइलवरचा गेम ऑक्टोबर २०२४मध्ये आणला, तो आधी निवडक खेळाडूंच्या बंद चाचण्या घेऊन. त्याआधी, पबजी मोबाइलवरच्या बंदीनंतर, जून २०२१मध्ये त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ही अधिकृत तारखेच्या पंधरा दिवस आधी ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ म्हणूनच भारतात उतरला होता.

आता राहिला सँडविचचा प्रकार, म्हणजे ‘लवकर’पणाची विक्री. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ची महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना २०२३च्या फेब्रुवारीत गेम तीन दिवस आधी मिळाला, ‘स्टारफील्ड’ सप्टेंबरमध्ये पाच दिवस आधी. गेम तयार आहे, सर्व्हरवर ठेवलेला आहे, फक्त बाकीच्यांना थांबवून ठेवलं आहे. २०२१मध्ये कॅपकॉमने ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’चा तीस मिनिटांचा डेमो प्लेस्टेशनवाल्यांना आधी दिला, तोही एका ठरावीक आठ तासांच्या खिडकीत. ज्यांची तेव्हा झोपायची किंवा कामाची वेळ होती ते मुकले. सगळ्यांसाठीचा पुढचा डेमो चोवीस तासच खुला राहणार होता. लोकांनी तक्रारी केल्या आणि कॅपकॉमने ती मुदत आठवडाभर वाढवली. तक्रार ऐकली जाते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

डेमो मोफत असतो तेव्हा कंपनी खेळाडूकडे कौल मागायला येते. तोच डेमो, किंवा त्याचे चार दिवस, विकायला काढले की खेळाडूने परीक्षा घेण्याआधीच पैसे दिलेले असतात. पहिला व्यवहार चांगला, दुसरा वाईट, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणून गेम घेणाऱ्या प्रत्येकाला, आणि मुलांना गेम घेऊन देणाऱ्या आईवडिलांनाही, विनंती: आगाऊ पैसे भरू नका, आधी डेमो आहे का ते पाहा. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, ती सोय वापरा. एप्रिल २०२४पासून तारखेआधी खेळलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, हे ध्यानात असू द्या. आणि एखाद्या छोट्या गटाचा डेमो आवडला तर त्यांना चार ओळी लिहून कळवा. काय आवडलं तेही लिहा आणि कुठे अडलं तेही.